डोकं दुखवणारं मलम

"बसा ना," डॉक्टर नेहेते म्हणाल्या.

टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, दोन्ही रिकाम्या. मी एकीची पाठ धरून उभी राहिले आणि आई दुसरीची. डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पेशंट कोण आहे?"

"ही. विनीता, माझी मुलगी," आई म्हणाली. "पहिलं बाळंतपण. आषाढात झाली मुलगी."

"मग तुम्ही तरी बसा."

"मला सवय आहे उभं राहायची. प्राथमिक शाळेत शिकवते मी."

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यांनी मला पडद्यामागे नेलं, कुशीवर झोपवलं आणि तपासलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. लाज वाटायला हवी होती, पण त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं, लाजेचंही नाही. दुखलं तेवढं मात्र कळलं.

आमचं गाव पारोळं. तिथंही दवाखाने होते, पण ‘तिथं दुखतं’ हे ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हणजे गावात दवंडी पिटल्यासारखंच, म्हणून आई मला अमळनेरला घेऊन आली होती. एसटी अर्धी रिकामी होती. मी दांडा धरून उभी, आई माझ्या शेजारी दांडा धरून उभी. कंडक्टर दोनदा म्हणाला, "मावशी, जागा आहे की." आई म्हणाली, "असू दे. लेक उभी आहे ना." मला वाटलं, चला, निदान सोबत तरी करतेय.

पडद्यामागून आम्ही बाहेर आलो. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला आणि त्याला एक रेघ मारली.

"ही शौचाच्या जागेला पडलेली चीर. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना होते. ताजी असताना बहुतेक वेळा आपोआप भरते. हिची जुनी झालीय. तिथला स्नायू सारखा आवळलेला असतो, त्यामुळे रक्त पोचत नाही आणि जखम भरत नाही. आजवर काय लावलं?"

"औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली होती," मी म्हटलं. "बधिर करणारी."

"फरक पडला?"

"लावल्यावर थोडा वेळ कळत नाही. मग परत तेच."

"कळत नाही म्हणजे बरं झालं असं नसतं," डॉक्टर म्हणाल्या. मग आईकडे वळून म्हणाल्या, "खायला काय देता हिला?"

आईने वर्गात पाढे म्हणावेत तसं सांगितलं. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, तूप, लसणाची चटणी, खसखशीची खीर.

"पाणी?"

"बेतानंच. बाळंतिणीनं घटाघटा पाणी प्यायलं की पोट सुटतं."

"पालेभाजी?"

"नाही देत. बाळाला बाधते."

"बाळ अंगावर पितंय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही. दूध आटलं माझं. वरचं पिते ती."

"मग पालेभाजी बाधणार कोणाला?" डॉक्टरांनी विचारलं. आईने खुर्चीची पाठ सोडली आणि दुसऱ्या हाताने धरली.

दूध आटलं त्याचं असं झालं. मांडी घालून बाळाला पाजायला बसले की विळीवर बसल्यासारखं व्हायचं. आडवी पडून पाजायला लागले की आई ओरडायची, दूध कानात जाईल, कान फुटेल पोरीचा. बाथरूमला जायची धास्ती, म्हणून मी खाणं कमी केलं. बसायची धास्ती, म्हणून पाजणं कमी केलं. दसऱ्याच्या आत सगळं संपलं. जुई रडायची तेव्हा मला शेजारच्या घरात कुणाचं तरी मूल रडतंय असं वाटायचं. उठावं असं वाटायचं नाही. कुणीतरी घेईल, असं वाटायचं.

आणि घेणारी होती. ज्योत्स्नाताई, माझी थोरली नणंद, धुळ्याला असायच्या. लग्नाला कितीतरी वर्षं झालेली, घरात मूल नाही. बारशाला आल्या तेव्हा जुई दिवसभर त्यांच्याच खांद्यावर होती. दसऱ्याच्या आधी नाशिकहून गिरीशचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "ताई म्हणत होती की तुझी तब्येत अशी, जुईला ती नेईल."

"किती दिवस?"

"कायमचीच म्हणत होती. आपल्याला पुढे होतीलच. तू नाही म्हणालीस तर विषय संपला."

मी म्हटलं, "बरं."

फोन ठेवला आणि मी दुपटी वाळत घातली. आई दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. "विचार केलास?" तिने विचारलं. मी "केला" म्हटलं. ती आत गेली आणि पोळ्या लाटायला लागली. मला तिचा राग आला असता तर बरं झालं असतं, पण तोही आला नाही. एवढंच डोक्यात आलं की आई अशीच आहे.

आई अशीच होती. तिने कधी मारलं नाही, कधी उपाशी ठेवलं नाही, माझे गणवेश नेहमी कडक इस्त्रीचे असत. पण तिच्या मांडीवर डोकं ठेवल्याचं मला आठवत नाही. लहानपणी ती जरा टेकलेली दिसली की मी धावत जाऊन मांडीत शिरायला बघायची, आणि ती झटकन उठायची. "काम पडलंय गं." मग मी धावणं सोडून दिलं. ती जेवायचीही ओट्याशी उभ्याने. वडील होते तोवर ते आणि मी ताट घेऊन खाली बसायचो आणि ती आम्हाला वाढत वाढत तिकडेच चार घास खायची. आदल्या वर्षी तालुक्याने तिला आदर्श शिक्षिका म्हणून नारळ आणि शाल दिली. मुख्याध्यापक भाषणात म्हणाले की अमृतकर बाई इतक्या वर्षांत वर्गातल्या खुर्चीवर एकदाही बसल्या नाहीत, आजकालच्या शिक्षकांनी हे शिकावं. टाळ्या पडल्या. व्यासपीठावर आई खुर्चीच्या काठाला टेकल्यासारखी होती, आणि टाळ्या संपायच्या आत उठून उभी राहिली. लोकांना वाटलं, नमस्कार करायला उठली.

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून दोन ट्यूब काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"दोन मलमं आहेत. काम दोन्हींचं एकच, आवळलेला स्नायू सैल करायचा, म्हणजे रक्त पोचतं आणि जखम भरते. या पहिल्यात हृदयाच्या दुखण्याचं औषध असतं, दुसऱ्यात रक्तदाबाचं. बरं करण्यात दोघांत फार डावं-उजवं नाही. पण पहिल्यानं डोकं दुखतं. सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच जणांचं. दुसऱ्यानं डोकं तितकं दुखत नाही, कधी थोडी खाज येते."

"मग दुसरंच द्या ना," मी म्हटलं.

"दुसरं आज माझ्याकडे नमुन्याचंच आहे, एवढ्याशानं पुरायचं नाही. मागवावं लागेल, जळगावहून यायला वेळ लागतो. तोवर पहिलं वापर. डोकं फारच दुखलं तर ये. वाटाण्याएवढं घ्यायचं, बोटाला रबरी टोपी घालायची, लावल्यावर थोडा वेळ आडवं पडायचं. आणि कोमट पाण्यात बसायचं." मग आईकडे बघत त्या म्हणाल्या, "आणि पाणी पाजा हिला. भरपूर."

"शंभर वेळा धुतलेलं तूप लावलं तर?" आईने विचारलं.

"वाईट नाही. जळजळ कमी होते. पण स्नायू सैल होत नाही त्यानं."

आईने मान हलवली. आमच्या घरी ते तूप वर्षानुवर्षं व्हायचं. तांब्याच्या ताटात तूप घ्यायचं, पाणी घालून तांब्याच्या वाटीनं घोटायचं, पाणी ओतून द्यायचं, परत घोटायचं, लोण्यासारखं पांढरंशुभ्र होईपर्यंत. दर हिवाळ्यात आई ते उभ्यानं, ओट्यावर ताट ठेवून करायची. विचारलं की म्हणायची, टाचांच्या भेगांना.

घरी आल्यावर आईने बदल केले, एका शब्दानेही काही न बोलता. लाडवांचा डबा वरच्या फळीवर गेला. ताटात पालक आला, पपई आली. माझ्या उशाशी तांब्या आला आणि रिकामा झाला की भरलेला दिसू लागला. न्हाणीघरात घंगाळात कोमट पाणी काढलेलं असायचं. मी उठले की आई आत जाऊन दार लावायची. "ओतून कशाला द्यायचं, पाय शेकते," म्हणायची.

पहिल्या मलमाने गुण दाखवला. चार-पाच दिवसांत तासन् तास ठणकणारं दुखणं थोड्या वेळावर आलं. पण डोकं. लावून आडवी पडले की मानेपासून कळ चढायची आणि दोन्ही कानशिलं उडायला लागायची. मी ओढणी घट्ट बांधून भिंतीकडे तोंड करून पडायची. जुई पाळण्यात आवाज करायची आणि मला वाटायचं, कुणीतरी तिला लवकर घेऊन जावं. खालून थोडी सुटले आणि वरून धरली गेले, असं झालं होतं.

म्हणून परत अमळनेर. तोवर दुसरं मलम आलं होतं. "पहिलं बंद," डॉक्टर म्हणाल्या. घरी आल्यावर मी पहिली ट्यूब आईच्या हातात दिली.

"टाकून दे ही."

"भरलेली आहे की अजून."

"मग काय करायचं? डोकं फुटतं माझं."

"टाकते," आई म्हणाली.

दुसरं मलम सावकाश चालायचं. पहिले काही दिवस वाटलं, काहीच होत नाहीये. थोडी खाज यायची, तेवढंच. पण डोकं शांत होतं. आणि मग एका सकाळी, दिवाळीच्या सुट्टीत, मी बाथरूममधून बाहेर आले आणि दुखायची वाट बघत उभी राहिले. ते आलं नाही. मी बराच वेळ तशीच न्हाणीघराच्या दारात उभी. आनंद व्हायला हवा होता. नुसतं रिकामं रिकामं वाटलं. इतके दिवस दुखणं सोडून माझ्याजवळ दुसरं काही नव्हतंच, आता तेही गेलं होतं.

त्याच सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर आई ओट्याशी उभी होती आणि तिने कपाळाला वडिलांचा जुना रुमाल बांधला होता.

"काय झालं गं?"

"डोकं चढलंय. शाळेत पोरं ओरडतात ना."

"शाळेला सुट्टी आहे, आई."

"मग उन्हानं असेल."

बाहेर कार्तिकातली थंडी होती. दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर परत रुमाल. तिसऱ्या दिवशी परत. अंघोळीला जायच्या आधी ती ठणठणीत असायची, नंतर थोडा वेळ खोलीत आडवी पडायची आणि बाहेर यायची ती रुमाल बांधूनच. आईला दिवसाउजेडी आडवं पडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"कसं दुखतं?" मी विचारलं.

"मानेतून चढतं. कानशिलं उडतात."

ती पाठमोरी होती, कणीक मळत होती. मी खाली बघितलं. साडीखाली तिच्या टाचा दिसत होत्या. दरवर्षी एवढं तूप घोटूनही त्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या.

"आई, ती पहिली ट्यूब कुठंय?"

"टाकली."

"कुठं टाकलीस?"

"कचऱ्यात. आणि कुठं टाकतात?"

"आई."

तिने कणकेला तेलाचा हात लावला, ताट झाकून ठेवलं, नळाखाली हात धुतले. तोंड भिंतीकडेच होतं.

"भरलेली ट्यूब होती," ती म्हणाली. "फेकवेना."

"कधीपासून आहे तुला?"

"तुझ्या वेळेपासून."

मी ओट्याला धरलं. "एवढी वर्षं? आणि डॉक्टर?"

"तेव्हा गावात डॉक्टर एकच. तो रविवारी तुझ्या बाबांबरोबर पत्ते खेळायला यायचा. त्याच्यापुढं झोपू मी?"

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांना काय सांगायचं? मधे बरं असायचं, मग परत उलटायचं. अंगवळणी पडलं. शाळेत कळलं असतं तर पोरांनी नाव पाडलं असतं मला. उभं राहिलं की कुणी विचारत नाही." ती थोडी हसल्यासारखी झाली. "उलट शाल दिली."

मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. रडूही आलं नाही. मी विचारलं, "म्हणून उठायचीस तू? मी मांडीत यायला लागले की?"

आईने रुमाल सोडला आणि परत बांधला.

"मांडी घालताच यायची नाही गं. तू तान्ही होतीस तेव्हा तुला तुझ्या बाबांची आत्या मांडीवर घ्यायची, मी वरून बघायची. तुझं वजन किती आहे हेसुद्धा मला नीट माहीत नव्हतं. पुढं जरा बरी झाले तेव्हा सवय मोडली होती. माझीही आणि तुझीही."

"मला वाटायचं, मी तुला आवडत नाही."

"मलाही तसंच वाटायचं," आई म्हणाली. "की मला तू आवडत नाहीस. वाटायचं, आपण आईच नाही, नुसत्या बाई आहोत."

कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बारीक केला. थोड्या वेळाने जुई उठली तेव्हा आईच दुधाची बाटली घेऊन गेली.

मी तिला अमळनेरला घेऊन गेले. ती म्हणत होती, "तुझ्यातलंच दे ना जरासं." मी म्हटलं, "असं नाही चालत, तुला तपासू दे आधी." डॉक्टर नेहेत्यांनी आम्हाला दारातून येताना पाहिलं आणि खुर्च्यांकडे बोट दाखवलं. मी बसले. आई उभी राहिली.

"आज पेशंट कोण, ते नाही विचारत," डॉक्टर म्हणाल्या. "मागच्या वेळीच दिसलं होतं मला, पण तुम्ही स्वतःहून आल्याशिवाय काय बोलणार?"

आईची चीर माझ्याहून कितीतरी जुनी आणि कडक झालेली. डॉक्टर म्हणाल्या, मलमाने नाही भागलं तर छोटं ऑपरेशन करू, पण आधी दुसरं मलम नेमाने लावा, आणि लेकीचा तांब्या आहे ना, त्यातलं पाणी तुम्हीही प्या. येताना एसटीत मी खिडकीपाशी बसले होते आणि आई दांडा धरून उभी होती. मी माझी शाल चौघडी करून शेजारच्या सीटवर ठेवली. पारोळं जवळ आल्यावर ती हळूच एका अंगावर टेकली.

एवढं सगळं झालं तरी जुईबद्दल मला काही वाटू लागलं नव्हतं. कथेत असतं तसं काही झालं नाही. दुखणं गेलं, जेवण जाऊ लागलं, झोप लागू लागली. जुईला मी अंघोळ घालायची, पावडर लावायची, बाटली द्यायची, पाळण्यात घालून, सगळं उभ्यानं. कपडे धुवावेत तसं नीट करायची. गिरीशला मी फोन केला नाही, त्यानेही केला नाही. दिवस आधीच ठरला होता, मार्गशीर्षातला गुरुवार. आईला मी एकदा विचारलं, "तू काही म्हणणार नाहीस का?"

"मी काय म्हणू? तुझं मूल आहे," आई म्हणाली. "न वाटण्याचं मला माहीत आहे. वाटण्याचं काय सांगू?"

गुरुवारी गिरीश आणि ज्योत्स्नाताई आले. ताईंनी नवीन मोरपंखी साडी नेसली होती. पिशवीतून चांदीचे वाळे काढले, झबली काढली, लोकरीचं टोपडं काढलं, ते स्वतः विणलेलं होतं. टोपडं जुईला मोठं होत होतं. "पुढच्या थंडीतही होईल," त्या म्हणाल्या आणि एकदम माझा हात धरला. "विनीता, तुझ्यावर जबरदस्ती नाही ना कुणाची?"

"नाही, ताई."

"मी तिला तुझंच नाव सांगेन. लपवणार नाही काही."

त्या वाईट नव्हत्या, हे मी आजही सांगते. त्यांचे हात गार पडले होते.

गिरीशच्या घराण्यात मूल द्यायची पद्धत ठरलेली होती. दोन पाट मांडायचे. एकावर मुलाची आजोळची आजी बसते, मूल मांडीवर घेते, त्याच्या ओठाला गूळ-तूप लावते आणि समोर पाटावर बसलेल्या बाईच्या पदरात देते. आईने द्यायचं नसतं. आईच्या हातून सुटत नाही म्हणतात, म्हणून ती बाजूला उभी राहते. मी बाजूला भिंतीशी उभी राहिले. मला ते सोयीचंच होतं.

ताई पाटावर बसल्या, त्यांनी पदर दोन्ही हातांवर पसरला. गिरीश दारात उभा राहून बुटाकडे बघत होता. आईने पाटावर गोधडीची घडी टाकली. मग एक हात भिंतीला लावला, एक गुडघा टेकवला, दुसरा टेकवला आणि हळूहळू मांडी घातली. तिला थोडं दुखलं, ते तिच्या ओठांवर दिसलं, पण ती बसली. मी तिला जुई आणून दिली.

जुई मांडीत पडली आणि वर बघायला लागली. आईने तिच्या ओठाला गूळ-तूप लावलं. जुईने जीभ बाहेर काढली, चाटलं, आणि आईचं बोट मुठीत धरलं. आता उचलून समोर द्यायचं. आई नुसतीच बसून राहिली. एक हात पोरीच्या पाठीखाली, एक डोक्याखाली, आणि ती तिला अंदाज घेत असल्यासारखी किंचित वर-खाली करत होती.

"आई," गिरीश हळूच म्हणाला.

"हो." आईने मान वर केली, पण ताईंकडे नाही, माझ्याकडे. "विनू, इकडे ये. बस."

"मी नसतं बसायचं, आई."

"माहीत आहे मला. बस. एकदा तुझ्या मांडीवर घे, मग तूच दे त्यांना. मी एक बिनमांडीचीच वाढवलीय."

ताईंच्या हातांवरचा पदर हलला. मी आईशेजारी खाली बसले. फरशीवरच, पाटाशिवाय. मांडी घातली. दुखलं नाही. आईने जुईला उचललं आणि माझ्या मांडीत ठेवलं.

ती जड होती. एवढंच आधी कळलं. पाच महिन्यांची पोर, उभ्याने उचलताना कधी कळलं नव्हतं एवढी जड. तिचं डोकं माझ्या गुडघ्यावर, टाचा माझ्या पोटात, ढुंगण मांड्यांच्या मधल्या खळग्यात नीट बसलेलं. तिच्या अंगाची ऊब साडीतून आत आली. तिने परत जीभ बाहेर काढून ओठावरचं तूप शोधलं, सापडलं नाही, आणि मग तिने माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं, रडायच्या आधी करतात तसं. आणि शेजारच्या घरातलं मूल नाही, माझी मुलगी रडणार आहे हे मला कळलं. मीच आधी रडायला लागले. आवाज करून, नाक गळेपर्यंत. मी रडतेय म्हणून ती रडायची थांबली आणि बघत बसली.

मला वाटत होतं, आता उठायला हवं, द्यायला हवं, शब्द दिलाय. पाय हलत नव्हते. "ताई," मी म्हटलं आणि जुईला आणखी जवळ ओढलं.

ज्योत्स्नाताई पदर पसरून समोर तशाच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जुईकडे पाहिलं. मग पदर दोन्ही हातांवरून सावकाश काढला, खांद्यावर घेतला आणि त्याच्याच टोकानं डोळे पुसले. टोपडं उचलून त्यांनी जुईच्या पायांवर ठेवलं. मग त्या आईला म्हणाल्या, "चहा टाकता का थोडा?"

आई माझ्या शेजारी पाटावर होती. तिने माझ्या मांडीतल्या जुईच्या पायावर हात ठेवला होता.

"तुम्हीच टाका, ताई," आई म्हणाली. "साखर वरच्या फळीवर आहे. मी बसलेय."